डाव्या गालातला चोथा

इस्पितळात दोर्कास गेयामच्या खोलीच्या दाराशी एक निळी बादली ठेवलेली असायची. तिच्यावर दोर्कासने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलं होतं: ‘इथे थुंका. चूळ भरा. मग आत या.’ लाए शहरात माणसाला थुंका म्हणून सांगावं लागत नाही. थुंकू नका म्हणून सांगावं लागतं, आणि ते कुणी ऐकत नाही. या एका दाराशी मात्र लोक अडायचे. बादलीकडे बघायचे, मागे सरायचे, आणि तोंडातलं हळूच पानात गुंडाळून खिशात घालायचे.

बंदरापासून बाजारापर्यंत सगळं गाव चघळत असतं. हिरवी ओली सुपारी दाताने सोलायची, डाका नावाच्या वेलीची लांब शेंग चुन्यात बुडवून तिच्याबरोबर चावायची, की तोंडात लालभडक रस सुटतो. डोकं हलकं होतं, भूक मरते, परक्याशी बोलायला निमित्त मिळतं. मग पिंक. बसथांब्यावर पिंक, बँकेच्या पायरीवर पिंक, पावसाने धुतली की त्याच जागी नवी. दोर्कासला या सगळ्याची किळस होती आणि ती तिने कधी लपवली नाही. सगळ्या गोतावळ्यात पाहुण्यापुढे सुपारी न ठेवणारी ती एकटीच. तिची आई मिरियम तीस वर्षं मोठ्या बाजारात सुपारीच विकत बसली होती, आणि त्याच सुपारीवर दोर्कास शिकून सीटी स्कॅनवाली झाली होती. हे कुणी बोलून दाखवलं की दोर्कास विषय बदलायची.

तिच्याकडे येणारी निम्मी माणसं तोंडाच्या नाहीतर गळ्याच्या कॅन्सरची असत. त्यांचं चित्र काढायची एक रीत आहे. कवळी काढायची, चूळ भरायची, पाठीवर झोपायचं आणि फुगा फुगवल्यासारखे गाल फुगवून धरायचे. गाल हिरडीला चिकटून राहिला तर रोग गालाचा की हिरडीचा ते कळत नाही, मध्ये हवा लागते. वीस सेकंद बोलायचं नाही, हलायचं नाही, आणि गिळायचं नाही. दोर्कास काचेमागून माईकवर सांगायची, "गाल फुगवा. गिळू नका." दिवसातून दहा-बारा वेळा. आणि तोंडात चोथा ठेवून कुणी आत गेलाच, तर तो लपत नसे. चुना चित्रात हाडासारखा पांढराशुभ्र दिसतो.

मार्चमधल्या एका मंगळवारी गेसेंग नावाचा म्हातारा आला. किनाऱ्यावरच्या गावातून बोटीने दीड दिवस, बरोबर नात केझिया. दोघं दोर्कासच्या आईच्याच बोलीचे निघाले. म्हाताऱ्याच्या आधी त्याचा वास खोलीत आला. डाव्या गालावर फडकं बांधलेलं होतं, आणि फडक्याखाली गाल आरपार फुटलेला होता. अशाही स्थितीत त्याचं चघळणं चालू होतं. तीन वेळा चावायचा, जिभेने चोथा डाव्या गालात ढकलायचा, आणि जीभ टाळ्याला लावून टक् असा आवाज काढायचा. चावलं की फडक्यावर लाल डाग पसरायचा. दोर्कासने बारा वर्षांत पुष्कळ पाहिलं होतं, तरी तिने तोंड फिरवलं.

"बुबू, तोंडातलं बादलीत टाका," ती म्हणाली. म्हाताऱ्या माणसाला इथे सगळेच बुबू म्हणतात.

"बादलीत कुणाचं आहे?"

"सगळ्यांचंच."

"मग त्यात माझं कशाला?" आणि टक्.

केझिया मध्ये पडली. "सिस्टर, ते कुठंच टाकत नाहीत. गावातसुद्धा पुडीत बांधून घरी आणतात. तोंडातलं परक्याच्या हाती लागलं तर..."

"माहितीये मला," दोर्कास म्हणाली. लाएमध्ये हे माहीत नसलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. मनात वाईट असलेल्याला तुमचा केस मिळाला, उष्टं मिळालं, चघळलेला चोथा मिळाला, की तुमचं काय व्हायचं ते होतं. शिकलेली माणसं याला हसतात आणि आपापली पुडी खिशात घालतात. "बुबू, बाहेर अकरा जण बसलेत. द्या इकडे, मी सांभाळते."

"हातात घेशील?"

तिने हातमोजा घातलेला हात पुढे केला.

"मोजा काढ. रबराला काय कळतंय?"

दोर्कासने बाहेरच्या रांगेकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि मोजा काढला. म्हाताऱ्याने पुढे वाकून चोथा तिच्या तळहातावर सोडला. तो गरम होता. लिंबाएवढा, दोऱ्यादोऱ्यांचा, मध्ये चुन्याची रवाळ पांढरी कणी, आणि भोवती लाळेची तार जी म्हाताऱ्याच्या ओठापासून तुटायलाच तयार नव्हती. केझियाने पिशवीतून हिरवं पान काढून दिलं. दोर्कासने श्वास रोखून पुडी बांधली.

स्कॅन झाल्यावर म्हाताऱ्याला सरळ वॉर्डात न्यायचं होतं. ढकलगाडीवर पडल्यापडल्या तो म्हणाला, "वॉर्डात चघळू देणार नाहीत. तुझ्याकडेच असू दे. मागीन तेव्हा दे."

"हो, बुबू," दोर्कास म्हणाली. हो म्हणायला तिचं काय जात होतं?

दार लागल्यावर तिने ती पुडी कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकली, पिशवीचं तोंड आवळून बांधलं, आणि हात कोपरापर्यंत तीनदा धुतला. नवव्या दिवशी म्हातारा गेला. केझिया त्याला बोटीने गावी घेऊन गेली. पुडीचं कुणी विचारलं नाही, आणि दोर्कास विसरली.

त्याच आठवड्यात एक शाळामास्तरीण आली, गळ्याला गाठ असलेली. चर्चवाली बाई, जन्मात सुपारीला न शिवलेली, दात पांढरेशुभ्र. चित्र पडद्यावर आलं आणि दोर्कासचा मदतनीस पोमात खुर्चीत पुढे सरकला. हा मानुस नावाच्या बेटावरचा, तोंडाने फटकळ, कामाला चोख.

"बघ, बघ. चर्चवाल्या! बाईनं गालात ऐवज ठेवलाय."

डाव्या गालात लिंबाएवढा गोळा होता, मध्ये पांढरी कणी. दोर्कास तणतणत आत गेली, बाईला तोंड उघडायला लावलं, बॅटरी मारून पाहिलं, बोट फिरवलं. तोंड रिकामं होतं. पुन्हा चित्र काढलं. गोळा होता, पण मघाच्या जागेपासून बोटभर पुढे.

दुसऱ्या दिवशी एका गोदी-कामगाराच्या तोंडात तोच. मग एका पोलिसाच्या. आठवड्याभरात सात जणांच्या. प्रत्येकाचं तोंड आधी तपासलेलं, चूळ दोनदा भरवलेली. राजधानीत, मोर्सबीला जो डॉक्टर ही चित्रं बघून रिपोर्ट लिहायचा, त्याने खवचट निरोप पाठवला: ‘तुमच्या खोलीत पाणी येतं का? येत असल्यास रुग्णाला चूळ भरू द्यावी.’ दोर्कासला हा अपमान झोंबला. मशीनमध्ये दोष असेल म्हणून तिने तपासणीचा पाण्याचा डबा ठेवून चित्र काढलं. स्वच्छ. पोमातने कलिंगड ठेवलं. स्वच्छ. मग तो बाजारातून एक डुकराचं मुंडकं घेऊन आला.

"घरी शिजवणारच आहे," तो म्हणाला. "आधी याचं निदान तर होऊ दे."

मुंडकंही स्वच्छ निघालं. गोळा यायचा तो माणसाच्याच तोंडात, डाव्या गालात.

सगळी चित्रं ओळीने लावून तिने एकदा मापं घेतली. गोळा प्रत्येकाच्या तोंडात वेगळा नव्हता. तोच होता. मधली कणी त्याच आकाराची, एका टोकाला चिरलेली. आणि माणसागणिक तो थोडा चपटा होत होता, दोरे सुटत होते, कण फुटून पसरत होते. पोमातने तिच्या खांद्यावरून पाहिलं, पण या खेपेला त्याला विनोद सुचला नाही.

"कुणीतरी चावतंय, सिस्टर," तो म्हणाला आणि चहाला निघून गेला.

मशीनच्या उशीला वास यायला लागला होता. गोडसर, कुजका. दोर्कासने खोळ बदलली, उशी बदलली, डोक्याभोवती फिरणारं मशीनचं कडं औषधाने पुसून काढलं. दुपारपर्यंत वास परत यायचा. तो कुणाचा वास आहे हे तिला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, फक्त ती स्वतःशी कबूल करत नव्हती.

मेमधल्या एका रविवारी आई जेवायला आली. नारळाच्या दुधात शिजवलेली केळी होती, आईच्या आवडीची. आई एकाच बाजूने चावत होती, तेही चमच्याने चेचून. दोर्कास वाढायला तिच्या अंगावरून वाकली, आणि तिच्या हातातला डाव तसाच राहिला. हा वास घरात कधी आला नव्हता.

"आई, तोंड उघड."

"दात दुखतोय गं. जेव तू."

"उघड म्हणते ना."

आईने उघडलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या जबड्याला लागून, खोबऱ्याच्या तुकड्याएवढी जागा पांढरी पडून कडांनी फुटलेली होती. तिथला चुना धुवूनही जात नव्हता. दोर्कास मोरीत गेली आणि खाल्लेलं सगळं ओकली. मग तोंड धुऊन बाहेर आली आणि आईवर ओरडली. किती महिने? कळत नव्हतं? पोटची पोरगी रोज हेच बघते, तिला सांगायला काय झालं होतं?

"तुला किळस येते," आई म्हणाली. "म्हणून नाही सांगितलं."

डॉक्टर हेनाओ वर्षातून दोनदा मोर्सबीहून येत आणि आठवडाभर तोंडाची, जबड्याची ऑपरेशनं करत. ते याच आठवड्यात येणार होते. त्यांनी मंगळवारी मिरियमला तपासलं आणि दोर्कासला सरळ सांगितलं. "हाडात गेलं नसेल तर शुक्रवारी काढून टाकतो, तुझी आई जगेल. हाडात गेलं असेल तर इथं माझ्याच्यानं होणार नाही. चित्र दाखव."

चित्र दाखवण्यासारखं नव्हतं. फुगवलेल्या डाव्या गालात तो चोथा होता. आता तो पसरट झाला होता आणि नेमका जबड्याला बिलगून बसला होता. चुन्याचे पांढरे कण कुठे संपतात आणि हाड कुठे सुरू होतं, सांगता येत नव्हतं. बुधवारी तिने पुन्हा काढलं, वेगळ्या कोनातून. चोथा त्या कोनाला सरकला.

हेनाओंनी चित्र प्रकाशासमोर धरलं आणि खाली ठेवलं. "दोर्कास, तुझी स्वतःची आई आहे. तिला चूळसुद्धा भरवली नाहीस?"

तिने चित्र पाकिटात सरकवलं.

"आंधळेपणानं मी कुणाचा जबडा फोडत नाही. उद्या दुपारी बारापर्यंत स्वच्छ चित्र दे. नाही मिळालं तर शुक्रवारी तिच्या जागी दुसरा माणूस घेतो. पुढची फेरी नोव्हेंबरात."

नोव्हेंबर म्हणजे काय, ते दोर्कासला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. गेसेंगच्या गालाला फडकं बांधायची पाळी यायला सहा महिने पुरले होते.

ती वॉर्डात आईच्या खाटेवर येऊन बसली. आई छताकडे बघत होती.

"आपल्या गावाकडचा एक म्हातारा आला होता म्हणे तुझ्याकडे," आई म्हणाली. "बाजारात बायका बोलत होत्या. पुडी सांभाळायला दिली होती त्यानं."

"हो."

"कुठंय?"

दोर्कासने सांगितलं. मोजा काढल्याचं, हात तीनदा धुतल्याचं, पिवळ्या पिशवीचं, सगळं. आईने ऐकून घेतलं आणि कूस बदलली. तिचा चेहरा भिंतीकडे गेला.

"एवढं शिकलीस," ती म्हणाली. "उघड्या हातात घेतलेलं परत द्यायचं असतं. नाहीतर खायचं असतं. लहानपणी हजारदा सांगितलं असेल. टाकायचं कधी सांगितलं होतं मी?"

"तो मेलाय, आई. परत कुणाला देऊ?"

आईने चादर खांद्यावर ओढून घेतली.

इस्पितळाच्या मागे कचरा जाळायची भट्टी आहे. ती फेब्रुवारीपासून बंद होती. सुटा भाग येणार होता, येतच होता. तोवर पिवळ्या पिशव्या भट्टीमागच्या खड्ड्यात साचत होत्या. गुरुवारी सकाळी नऊ वाजता दोर्कास गमबूट घालून त्या खड्ड्यात उतरली. पोमात काठावर नाकाला रुमाल लावून उभा राहिला.

"कशाला शोधतेस ते तरी सांग. मीही उतरतो."

"नको. तू हात लावू नकोस."

वरच्या पिशव्या उन्हाने तडकल्या होत्या आणि पावसाने भरल्या होत्या. प्रत्येक उचलली की खालून पातळ तपकिरी पाणी गळायचं, तिच्या बुटात जायचं. पट्ट्या, सुया, पू सुकून कडक झालेले कापसाचे बोळे, एक अख्खा निळा पडलेला पायाचा अंगठा. अळ्या इतक्या होत्या की पिशव्या आतून हलत होत्या. मार्चच्या थरापर्यंत पोचेस्तोवर ती दोनदा ओकली आणि ओकारी कुठे पडली तेही तिला कळलं नाही. आपल्याच खोलीची पिशवी तिने आपल्याच गाठीवरून ओळखली. फाडली. आत सगळ्याचा एकच काळा लगदा झाला होता.

लगद्यात पुडी होती. पान हिरवं होतं. नुकतंच वेलीवरून तोडल्यासारखं, शिरांवर लव असलेलं.

मोजा घातलेल्या हातानेही तिला ते जाणवलं. पुडी गरम होती.

अकरा वाजता आई मशीनवर झोपली. दोर्कासने न्हाऊन कपडे बदलले होते, तरी बुटातलं पाणी पायांना वास देत होतं. पुडी काचेमागच्या टेबलावर होती. आधी तिने ती तशीच राहू दिली आणि चित्र काढलं. आईच्या गालात चोथा होता. मग मोजा काढून पुडी मुठीत धरली आणि पुन्हा काढलं. चोथा होता. जबड्याला चिकटलेला, वर-खाली होऊन पुसट झालेला, जणू चित्र काढताना कुणी चावत होतं. आई तर निश्चल पडली होती, गाल फुगवून, डोळे मिटून.

सव्वाअकरा झाले होते.

"पोमात, बाहेर जा."

"सिस्टर..."

"बाहेर जा रे."

दार लागलं. तिने पान उलगडलं.

चोथा ओला होता. लाळेची तार पानापासून तिच्या बोटापर्यंत आली आणि तुटली नाही. त्यावर म्हाताऱ्याच्या दातांचे ठसे होते, आणि फुटलेल्या गालाचा वास.

छत्तीस वर्षांत तिने सुपारीचं खांड तोंडात घातलं नव्हतं.

काचेपलीकडे आईचे तळवे दिसत होते, भेगा पडलेले, बाजारात बसून बसून चपटे झालेले.

तिने डोळे मिटले आणि चोथा तोंडात घातला.

जीभ मागे पळाली. घशातून सगळं वर आलं, ते तिने दाबलं. चोथा आपोआप डाव्या गालात जाऊन बसला, आपली जागा माहीत असल्यासारखा. चुना झोंबला. तोंडात रस सुटायला लागला, कोमट, तुरट, भराभर.

तिने माईकचं बटण दाबलं.

"गाल फुगव, आई. गिळू नकोस."

शब्द जड आले. कडं फिरायला लागलं.

पाच सेकंद. रस जिभेखाली साचला.

दहा. ओठांच्या कडेने ओघळ आला, तो तिने मनगटाने पुसला. मनगट लाल झालं.

पंधरा. नाकाने श्वास घेता येईना.

अठराव्या सेकंदाला तिने गिळलं.

पडद्यावर आईचं तोंड आलं. फुगलेल्या गालात काळी, स्वच्छ हवा होती. गालातला रोग, त्याच्या फुटक्या कडा, आणि त्यापासून सुटा, अखंड जबडा. पांढरी, कुठेही न तुटलेली रेघ. दोर्कास खुर्चीत कोसळून रडली. मग बेसिनवर वाकून थुंकली.

पाणीच पडलं. तिने बोट घालून गाल चाचपला, आरशासमोर बॅटरी धरली. आत काही नव्हतं. टेबलावरचं पान कोरडं होतं, सुरळी होऊन तपकिरी पडलेलं.

शुक्रवारी हेनाओंनी मिरियमचं ऑपरेशन केलं. पाच तास लागले. जबडा वाचला. जून सरेपर्यंत ती मऊ तारोचा कंद चेचून खायला लागली, एका बाजूने बोलायलाही लागली. बाजारातली जागा तिने सोडली नाही, फक्त सुपारीऐवजी शेंगदाणे मांडले. मशीनवर त्यानंतर एकाही माणसाच्या गालात काही दिसलं नाही. उशीचा वास गेला. मोर्सबीच्या डॉक्टरने ‘पाणी आलेलं दिसतं’ असा निरोप पाठवला आणि दोर्कास त्यावर मनापासून हसली. आई वाचली होती, बाकीचं कुणाला पडलं होतं?

फक्त आई तिच्या शेजारी बसायची तेव्हा उजवीकडे बसायची. आणि एकदा पोमात म्हणाला, "सिस्टर, बादलीवरची पाटी उतरवूया का? दुसऱ्यांना थुंका म्हणायचं आणि आपण दिवसभर चघळायचं."

"मी कुठं चघळते?"

त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

जुलैच्या अखेरीस केझिया आली. एकटीच, पाठीला जाळीची पिशवी. दोर्कास दाराशी बादली पालटत होती.

"सिस्टर, ओळखलंत? गेसेंगची नात. सुतक फिटलं, परवा जेवण घातलं गावाला. आता सगळं त्यांच्याजवळ पुरायचंय, त्यांचं जे जे बाहेर राहिलंय ते. आजोबांची पुडी तुमच्याकडे होती ना?"

दोर्कासने बादली खाली ठेवली. काय सांगायचं हे तिने कितीतरी वेळा घोकून ठेवलं होतं. पुडी हरवली, भट्टीत जळली, माफ कर. तिने ते सांगायला सुरुवात केली, पण केझिया ऐकत नव्हती. ती दोर्कासच्या चेहऱ्याकडे बघत होती, डाव्या बाजूला. बघता बघता तिच्या कपाळावरची आठी गेली. बोटीच्या प्रवासाने ओढलेला चेहरा मऊ झाला.

"राहू दे," ती म्हणाली. "चांगलं ठेवलंय तुम्ही."

तिने पिशवीतून एक हिरवी सुपारी काढली, दोन्ही हातांनी दोर्कासच्या तळहातावर ठेवली, आणि घरातल्या वडीलधाऱ्यासमोर वाकतात तशी किंचित वाकली.

"बरे दिसताय. येते हं, बुबू."

आपण कोण आहोत ते तिला सांगायला दोर्कासने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली आणि टक् असा आवाज आला.